ब्रिटिश रहस्यकथा वाचताना वही जवळ ठेवा

साक्षीदार एका सोसायटीचा रखवालदार होता. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, त्यानं ठामपणे सांगितलं, ‘‘साहेब रात्री साडेदहाला बाहेर गेले.’’ मी ते टिपून घेतलं. मग बचाव पक्षाचे वकील उलटतपासाला उभे राहिले.

‘‘साहेबांना तुम्ही पाहिलंत?’’

‘‘गाडी पाहिली.’’

‘‘गाडीत कोण होतं?’’

‘‘साहेबच असणार.’’

न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी ‘असणार’ हा शब्द घेतलाय ना, एवढंच त्यांना बघायचं होतं. घेतला होता.

मी ३१ वर्षं मुंबईच्या सत्र न्यायालयात लघुलेखिका होते. ओव्हल मैदानासमोरच्या त्या जुन्या दगडी इमारतीत बसून जबान्या उतरवल्या, आणि त्याच वर्षांत मुलुंड ते व्हीटी जाता-येता ब्रिटिश रहस्यकथा वाचल्या. रखवालदाराची साक्ष झाली त्या दिवशी पर्समध्ये असलीच एक कादंबरी होती, निम्मी वाचून झालेली. कोणती ते सांगत नाही. संध्याकाळी गाडीत जागा मिळाल्यावर पुस्तक उघडलं आणि पुढं वाचायच्या ऐवजी वीसेक पानं मागं गेले. घरातल्या मोलकरणीनं मालकाला बागेतून जाताना पाहिलं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पानावर लिहिलं होतं ते एवढंच, की तिनं त्यांचा ओव्हरकोट आणि टोपी पाहिली. बाकीचा माणूस मी माझ्या मनानं भरला होता.

त्या दिवसापासून माझी वाचायची पद्धत बदलली. गेल्या महिन्यात भाचीनं विचारलं, ‘‘मावशी, मी हौसेनं अगाथा ख्रिस्ती वाचायला घेते, पण चाळीस पानांत नावांचा गोंधळ होतो आणि खुनी एकदाही ओळखता येत नाही. तू कशी वाचतेस?’’ तिला फोनवर सांगायला घेतलं ते अर्धवट राहिलं, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

आधी वहीचं. शाळेची मोठी वही नको, चाळीस पानी छोटी घ्यावी, पर्समध्ये किंवा शर्टाच्या खिशात मावणारी. एका पुस्तकाला तीन पानं पुरतात. पहिल्या पानावर घराचा नकाशा काढायचा. चित्रकला यायची गरज नाही, चौकोन काढले तरी चालतात. या कादंबऱ्यांतली घरं आपल्या चाळींसारखी किंवा ब्लॉकसारखी नसतात आणि निम्मं रहस्य घराच्या रचनेत असतं. ‘लायब्ररी’ म्हणजे घरातलीच पुस्तकांची खोली, ‘स्टडी’ म्हणजे मालकाची लिहिण्या-वाचण्याची खोली, ‘ड्रॉइंग रूम’ म्हणजे जेवणानंतर सगळे जमतात ती बैठकीची खोली, ‘स्कलरी’ म्हणजे स्वयंपाकघरामागची भांडी घासायची जागा. आणि ‘फ्रेंच विंडो’ हा शब्द आला की त्याखाली रेघ मारा. नावात खिडकी असली तरी ते जमिनीपर्यंतचं काचेचं दार असतं, थेट बागेत उघडणारं. मी मराठी माध्यमातली. कितीतरी दिवस मी ती आपली गजांची खिडकी समजत होते आणि माणूस आत कसा आला हे मला कळायचं नाही.

दुसऱ्या पानावर माणसं लिहायची. नुसती नावं लिहून लक्षात राहत नाहीत, नातं लिहिलं तर राहतात. आपण लग्नाच्या घरात गेल्यावर जसं ‘ही नवरदेवाच्या आत्याची सून’ असं लक्षात ठेवतो, तसं. म्हाताऱ्याचा पुतण्या, पुतण्याची होणारी बायको, बायकोचा जुना मित्र. एकाच माणसाला कुणी आडनावानं हाक मारतं, कुणी पहिल्या नावानं, कुणी हुद्द्यानं. ती तिन्ही नावं एका ओळीत ठेवा, चाळिसाव्या पानाचा गोंधळ तिथंच संपतो.

तिसरं पान सगळ्यांत महत्त्वाचं. त्यावर तीन रकाने आखा: पाहिलं, ऐकलं, सांगितलं. साक्षीदारानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते पहिल्यात. स्वतःच्या कानांनी ऐकलं, म्हणजे पावलं, आवाज, दार लागल्याचा धाडकन आवाज, ते दुसऱ्यात. दुसऱ्या कुणी त्याला सांगितलं आणि तो आपल्याला सांगतोय ते तिसऱ्यात. कोर्टात या तिसऱ्या रकान्याला ऐकीव पुरावा म्हणतात आणि काही अपवाद सोडले तर तो धरत नाहीत. कादंबरी वाचताना मात्र आपण तो सर्रास धरतो, कारण सांगणारी व्यक्ती गोड असते किंवा घाबरलेली असते. वाक्यात ‘असणार’, ‘वाटलं’, ‘नेहमीप्रमाणे’ असे शब्द आले की शेजारी फुली मारायची. ‘नेहमीप्रमाणे त्यांच्या खोलीत दिवा होता’ या वाक्यातून दिवा होता एवढंच सिद्ध होतं.

डॉक्टरांनी सांगितलेली मृत्यूची वेळ मी कुठल्याच रकान्यात घालत नाही, खाली वेगळी लिहिते. जुन्या कथांत ती बहुतेक शरीर किती गार पडलं यावरून काढलेली असते, आणि ते खोलीवर अवलंबून असतं. शेकोटी पेटलेली होती की खिडकी सताड उघडी होती, हे आधीच्या पानांवर कुठंतरी आलेलं असतं. ते शोधून शेजारी लिहा.

उजेडाची गोष्ट तर मुंबईच्या वाचकानं मुद्दाम समजून घ्यायला हवी. आपल्याकडे जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डिसेंबरात सहाच्या, त्यामुळे ‘संध्याकाळचे साडेआठ’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं अंधार येतो. लंडनमध्ये जूनच्या अखेरीला रात्री नऊनंतरही उजेड असतो. डिसेंबरात चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो. १९१६ पासून तिथं उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढं करतात, त्यामुळं त्याआधीच्या कथेत आणि नंतरच्या कथेत त्याच वेळेचा उजेडही वेगळा. जूनमध्ये साडेआठला कुणी म्हणालं, ‘अंधारात नीट दिसलं नाही’, तर वहीत मोठी फुली. मी एकदा महिना न बघता अख्खी कादंबरी वाचली आणि चुकीच्या माणसावर संशय घेऊन बसले.

पैशांचं थोडक्यात: फेब्रुवारी १९७१ पर्यंत एका पौंडाचे वीस शिलिंग आणि एका शिलिंगचे बारा पेन्स, आणि गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. आपल्याकडे १९५७ पर्यंत सोळा आण्यांचा रुपया होता, तेव्हा आईवडिलांकडून आण्यांचा हिशोब ऐकलेल्यांना हे जड जाऊ नये.

मृत्युपत्राचा कायदा मात्र माहीत हवा, कारण खुनाचं कारण तिथंच लपलेलं असतं. इंग्लंडमध्ये माणसानं लग्न केलं की त्यानं आधी केलेलं मृत्युपत्र साधारणपणे रद्द होतं. आपल्याकडे हिंदूंच्या मृत्युपत्राला हा नियम लागू नाही, म्हणून आपल्या लक्षात येत नाही की साठीच्या म्हाताऱ्यानं लग्न ठरवल्याबरोबर घरातले चार जण पांढरे का पडले. तसंच, ब्रिटनमध्ये खुनाला फाशी १९६५ पर्यंत होती. त्याआधीच्या कादंबरीत गुप्तहेर चुकीचं नाव घेतो तेव्हा एक निरपराध माणूस दोराखाली उभा असतो. डोरोथी सेयर्सची ‘स्ट्राँग पॉयझन’ (१९३०) उघडते तीच न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलेल्या खटल्याच्या गोषवाऱ्यानं, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात एक तरुण लेखिका उभी आहे. ते प्रकरण मी किती वेळा वाचलं असेल! ज्यूरी म्हणजे काय हे आता मुंबईत कुणाला आठवणार, पण १९५९ च्या नानावटी खटल्यात आपल्याच सत्र न्यायालयातल्या ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं होतं आणि पुढं उच्च न्यायालयानं ते फिरवलं. ज्यूरी म्हणजे खटला ऐकून दोषी की निर्दोष ते सांगणारी, तुमच्या-आमच्यासारखीच माणसं. त्यांना गोषवारा सांगताना न्यायाधीश कुठल्या वाक्यावर जोर देतात, ते त्या प्रकरणात बघावं.

आता सुरुवात कशानं करायची. लोक सांगतात ‘ख्रिस्तीपासून’. मी म्हणते, होम्सच्या लघुकथांपासून. त्या जुलै १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात येऊ लागल्या. मुलुंडला बसलं की मशीद बंदरच्या आत एक कथा होते, म्हणजे एका प्रवासात प्रश्न आणि उत्तर दोन्ही. ‘द रेड-हेडेड लीग’ आणि ‘सिल्व्हर ब्लेझ’ आधी घ्या. पहिलीत लाल केसांच्या दुकानदाराला नुसता ज्ञानकोश उतरवून काढायचे पैसे मिळतात, आणि ‘कोणी, का दिले’ एवढं विचारलं की कथा उलगडते. दुसरीत होम्स घडलेल्या गोष्टींइतकंच न घडलेल्या गोष्टीकडे लक्ष देतो. वहीत ‘काय झालं नाही’ अशी एक ओळ ठेवायची सवय मला तिथून लागली. आणि होम्सची पहिली कादंबरी, १८८७ ची ‘अ स्टडी इन स्कार्लेट’, तिच्या पहिल्याच पानावर डॉक्टर वॉटसन बोटीतून उतरतो तो मुंबईत! त्याची पलटण आधीच खिंडी ओलांडून अफगाणिस्तानात गेलेली असते. त्या दोन ओळी वाचून मला बॅलार्ड पिअरकडे उगाच एक चक्कर मारावीशी वाटली होती.

होम्सच्या पाच-सहा कथा झाल्या की विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ घ्या. जाड आहे, घाबरू नका. जानेवारी १८६८ पासून ती डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः आली, म्हणजे लोकांनी ती हप्त्याहप्त्यानंच वाचली होती. आपणही तशीच वाचावी, दिवसाला एक-दोन प्रकरणं. सोमनाथच्या देवाचा म्हणून सांगितलेला हिरा १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती लागतो आणि पुढं यॉर्कशरच्या एका घरातून, मुलीच्या अठराव्या वाढदिवसाच्या रात्री, नाहीसा होतो.

मला या कादंबरीचं वेड लागलं ते तिच्या बांधणीमुळं. कॉलिन्सनं वकिलीचं शिक्षण घेतलं होतं, १८५१ मध्ये त्याला सनदही मिळाली, वकिली मात्र त्यानं केली नाही. ती सगळी विद्या त्यानं इथं वापरली. गोष्ट एका माणसानं सांगितलेली नाही, साक्षीदार एकामागून एक येतात आणि आपापल्या माहितीपुरतं लिहितात. म्हातारा कारभारी बेटरेज पुढचं सांगायला लागला की स्वतःलाच आवरतो, कारण ते त्याला नंतर कळलेलं असतं. त्याच्यानंतर येते मिस क्लॅक, गरीब नातेवाईक, धर्माच्या पुस्तिका वाटत फिरणारी. ती पडद्याआड लपून स्वतःच्या डोळ्यांनी पाहते, कानांनी ऐकते, म्हणजे माझ्या वहीत पहिल्या दोन रकान्यांची साक्षीदार. पण तिच्या मनात त्या घराबद्दल अढी आहे. कोर्टात अशा साक्षीदाराला हितसंबंधी साक्षीदार म्हणतात, त्याची साक्ष फेकून देत नाहीत, जपून घेतात. क्लॅकबाईंचं प्रकरण वाचताना त्यांनी पाहिलेलं डावीकडे आणि त्यावर केलेली टीका उजवीकडे लिहा. दोन्ही वेगळं झालं की पाहिलेलं किती थोडं आहे ते कळतं.

हिंदुस्थानी वाचक म्हणून एक बोलायलाच हवं. या जुन्या इंग्रजी पुस्तकांत आपल्याबद्दल, ज्यूंबद्दल, नोकरमाणसांबद्दल तुच्छतेनं लिहिलेलं पुष्कळ सापडतं आणि ते वाचताना मन दुखतं. ‘मूनस्टोन’मधले हिऱ्यामागं आलेले तीन ब्राह्मण मात्र लेखकानं आदरानं रंगवले आहेत. तो हिरा मुळात लुटीचा माल आहे हे तो विसरत नाही.

आता ख्रिस्ती. पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं तयार करून देण्याचं काम त्यांनी केलं होतं, त्यामुळं विषाची मात्रा, चव, किती वेळानं परिणाम होतो, हे त्यांच्याकडे सहसा चोख असतं. त्यांचं पहिलं पुस्तक म्हणून ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ (१९५७) घ्या, मुंबईकरासाठी याहून चांगलं दार नाही. दोन गाड्या थोडा वेळ शेजारीशेजारी धावतात, आणि एका गाडीतल्या बाईला दुसऱ्या गाडीच्या खिडकीत एक पुरुष एका स्त्रीचा गळा दाबताना दिसतो. पुरुषाची पाठ दिसते, चेहरा नाही. मग ती गाडी पुढं निघून जाते. कुर्ल्याच्या पुढं स्लो आणि फास्ट अशा शेजारी आल्या की मी अजून समोरच्या डब्यात बघते. किती स्पष्ट दिसतं! भाजी निवडणारी बाई, तिच्या हातातली मेथीची जुडी, दाराशी उभ्या मुलीची लाल ओढणी. आणि पाच सेकंदांनी विचारलं तर त्या बाईचा चेहरा सांगता येत नाही. आपण काय पाहिलं हे किती कमी सांगता येतं, ते गाडीत बसूनच करून बघा आणि मग कादंबरीतल्या बाईची साक्ष पुन्हा वाचा.

‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ (१९२६) फार गाजलेली म्हणून लोक ती आधी घेतात. नका घेऊ. ख्रिस्तीच्या निदान पाच कादंबऱ्या वाचून झाल्यावर घ्या. अशा कथा कशा सांगितल्या जातात याची तुम्हाला आधी सवय लागायला हवी, त्या सवयीवरच ते पुस्तक उभं आहे. आणि तिची प्रस्तावना, मागचा मजकूर, कुणाचा लेख, काही म्हणजे काही वाचू नका.

तीन रकान्यांची वही उपयोगी पडते, कारण या लेखकांनी आपल्याशी एक करार केला होता. १९३० मध्ये लंडनमध्ये ‘डिटेक्शन क्लब’ निघाला, चेस्टरटन पहिले अध्यक्ष, सेयर्स, ख्रिस्ती, अँथनी बर्कली सभासद. वाचकापासून महत्त्वाचा पुरावा लपवायचा नाही, दैवी साक्षात्कार किंवा योगायोगानं उकल करायची नाही, अशी शपथ घेऊन सभासद व्हायचं. त्याच सुमारास रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरूनं दहा नियम लिहिले होते, त्यात एका कथेत एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या किंवा गुप्त वाटा नकोत असाही एक नियम! म्हणजे पुरावा पानावर असतोच. बहुतेक वेळा तो दोन ठळक गोष्टींच्या मधल्या साध्या वाक्यात असतो, चहाच्या वर्णनात, माळ्याच्या तक्रारीत.

म्हणूनच शाळेसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्त्या अजिबात घेऊ नका. संक्षेप करणारा माळ्याची तक्रारच आधी कापतो.

तीन चतुर्थांश पुस्तक झालं, गुप्तहेर म्हणाला ‘आज रात्री सगळ्यांना दिवाणखान्यात बोलवा’, की पुस्तक मिटायचं. एक रात्र जाऊ द्यायची. वहीत नाव लिहायचं आणि खाली पुरावा, पान क्रमांकासह. नुसतं नाव बरोबर आलं तर मी स्वतःला गुण देत नाही. संशय कुणीही घेईल, सिद्ध करता आलं पाहिजे. मग शेवट वाचायचा आणि संपल्यावर पुस्तक खाली न ठेवता पहिलं प्रकरण लगेच पुन्हा वाचायचं. मला सगळ्यांत जास्त आनंद त्या दुसऱ्या वाचनात मिळतो. पहिल्या वेळी जी वाक्यं नुसती वाहून गेली ती आता एकेक उभी राहून बोलतात.

सेयर्सला वेळ द्या. ‘द नाइन टेलर्स’ (१९३४) मध्ये चर्चच्या घंटा वाजवण्याच्या शास्त्राची पानंच्या पानं आहेत. ती समजून घ्यायच्या नादात अडकू नका, ताशाचा ठेका ऐकतो तशी ऐकत पुढं जा. पूर येतो तिथं पोचलात की सगळं भरून पावतं. चेस्टरटनच्या फादर ब्राउनच्या, म्हणजे गुन्हे उलगडणाऱ्या पाद्र्याच्या, कथा रविवारी दुपारी, एका वेळी एकच.

माझं सर्वांत लाडकं पुस्तक जोसेफिन टे यांचं, ‘द डॉटर ऑफ टाइम’ (१९५१). पोलीस इन्स्पेक्टर ग्रँट पाय मोडून रुग्णालयात पडलाय, छताकडे बघून कंटाळलाय. हाती राजा तिसऱ्या रिचर्डचं चित्र येतं. पुतण्यांचा खून करणारा दुष्ट काका म्हणून शाळेपासून शिकवलेला राजा. चेहरा पाहून ग्रँटला शंका येते आणि तो खाटेवर पडल्या पडल्या पंधराव्या शतकातल्या खुनाचा तपास करतो. सगळे ज्याचा आधार घेतात तो वृत्तांत थोर टॉमस मोर यांचा. ग्रँट साधा हिशोब करतो: रिचर्ड १४८३ मध्ये गादीवर आला तेव्हा मोर पाच वर्षांचे, आणि १४८५ मध्ये लढाईत मारला गेला तेव्हा फार तर आठ. म्हणजे अख्खी साक्ष तिसऱ्या रकान्यातली! आणि मोर लहानपणी ज्या मॉर्टनच्या घरी होते तो रिचर्डचा वैरी. मी ते पान दुपारच्या सुट्टीत डेव्हिड ससून लायब्ररीच्या लांब आरामखुर्चीत वाचलं आणि तशीच उठून बसले. शतकानुशतकं एवढ्या मोठ्या मोठ्या लोकांना फारसं कुणी विचारलं नाही, ‘तुम्ही स्वतः पाहिलंत का?’ २०१२ मध्ये लेस्टरच्या एका पार्किंगखाली रिचर्डचा सांगाडा सापडला, ती बातमी आली त्या रात्री मी पुस्तक पुन्हा काढलं. टे यांनी काढलेला निष्कर्ष इतिहासकार मान्य करतातच असं नाही, वाचताना तुम्हीही त्यांचा उलटतपास घ्या.

काही पुस्तकं खुनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकतात. फ्रान्सिस आइल्स (हे बर्कलींचंच टोपणनाव) यांची ‘मॅलिस अफोरथॉट’ (१९३१), रूथ रेंडेल यांची ‘अ जजमेंट इन स्टोन’ (१९७७). रेंडेल तर पहिल्या वाक्यात कारणही देतात: त्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. इथं रकाने पुसा आणि एकच यादी करा, हे कुठं थांबवता आलं असतं? माझ्या यादीत अकरा जागा आल्या. त्यातल्या तीन ठिकाणी कुणीतरी तिला नुसतं नीट विचारलं असतं तरी पुरलं असतं. पुस्तक संपल्यावर दोन दिवस मला दुसरं काही वाचवेना.

थरारकथांना वहीचा वेगळा उपयोग. ‘कुणी केलं’ हा प्रश्नच नसतो, ‘कुणाला किती माहीत आहे’ हा असतो. जॉन बुकनची ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ (१९१५) तर वहीशिवाय एका बैठकीत वाचा, ती पळापळीची गोष्ट आहे. जॉन ल कारे यांच्याकडे मात्र ‘कॉल फॉर द डेड’ (१९६१) या पहिल्या, छोट्या कादंबरीतून शिरा. हेरगिरीची असली तरी ती तपासकथाच आहे. एका सरकारी अधिकाऱ्यानं आत्महत्या केली म्हणतात, आणि सकाळी हेरखात्याचा स्मायली त्याच्या घरी चौकशीला आलेला असताना टेलिफोन एक्स्चेंजचा फोन वाजतो: आदल्या रात्री सांगितल्याप्रमाणे साडेआठला उठवायला. मरायला निघालेला माणूस उठवायला सांगेल का? ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७४) त्यानंतर. त्यात स्मायली हॉटेलच्या खोलीत रात्ररात्र जुन्या फायली वाचतो. सरकारी कचेरीत ज्यांनी जन्म काढला त्यांना ते प्रकरण घरचं वाटेल.

फ्रेडरिक फोर्सिथ यांची ‘द डे ऑफ द जॅकल’ १९७१ मध्ये आली. फ्रान्सच्या अध्यक्षांना, द गॉलना, मारायला आणलेला मारेकरी. द गॉल १९७० मध्ये आपल्या घरी वारले हे सगळ्यांना माहीत. तरी छातीत धडधडतं! दोन रकाने आखा, जॅकल, म्हणजे तो मारेकरी, काय करतोय आणि त्याच्या मागावरच्या फ्रेंच पोलीस अधिकाऱ्याला, कमिसार लबेलला, त्यातलं काय कळलंय, तारीख घालून. दोन्हींतलं अंतर दिवसादिवसानं कमी होताना दिसतं. लबेल बंदूक घेऊन धावत नाही, फोन करतो, हॉटेलांची नोंदणीकार्डं तपासायला लावतो. खरा तपास मी जो पाहिला तो असाच.

आणि मुंबईकरानं एच. आर. एफ. कीटिंग यांची ‘द परफेक्ट मर्डर’ (१९६४) वाचलीच पाहिजे. नायक मुंबई पोलिसांतला इन्स्पेक्टर घोटे. कीटिंगनी मुंबई न पाहता ती लिहिली, सुमारे दहा वर्षांनी ते पहिल्यांदा इथं आले. शहर जागोजाग परकं वाटतं. पण वरिष्ठांपुढं अवघडलेला, घरी बायकोचं ऐकून घेणारा, तरी शेवटपर्यंत चिकाटी न सोडणारा घोटे खोटा वाटत नाही. तसे पोलीस माझ्यासमोर साक्षीला उभे राहिलेले आहेत.

पुस्तकं मिळवायची कुठं? होम्स, ‘मूनस्टोन’ आणि फादर ब्राउन प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. बाकीची मी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे शोधली. हिरव्या पाठीचं जुनं पेंग्विन दिसलं की उचला, १९३५ पासून गुन्हेकथांना त्यांनी तो रंग दिला होता. पण घेण्याआधी पानं मोजा. पुस्तक बहुधा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधलेलं असतं आणि जुन्यात शेवटचा फर्मा गळून पडतो. टे यांचं ‘ब्रॅट फॅरर’ मी असंच न बघता आणलं, शेवटची सोळा पानं नव्हती. दुसरी प्रत मिळायला पाच महिने लागले. शेवटची पानं स्वतः उघडू नका, बरोबरच्या माणसाला बघायला सांगा.

लायब्ररीतून आणणार असाल तर पहिली वीस पानं आधी दुसऱ्या कुणाकडून चाळून घ्या. आमच्या भागातल्या एका सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात बाराव्या पानावर कुणीतरी एका नावाभोवती पेन्सिलनं गोल काढून ‘हाच’ लिहिलं होतं. मी पुस्तक तसंच परत केलं, आधी खोडरबरानं तो गोल पुसला. छाप राहिलीच थोडी. तेव्हापासून पुस्तक परत करण्यापूर्वी मी ते उलटं धरून झटकते, वहीचं पान आत राहिलं नसल्याची खात्री करते, मगच काउंटरवर ठेवते.